रायफल घ्यावी की पिस्तूल?
नेमबाजीकडे वळणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी

१ ऑगस्ट २०२४ रोजी दुपारी फ्रान्समधील शातोरू येथे कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या एका तरुणाने पन्नास मीटर रायफल प्रकारात ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविले. स्वप्नील कुसळे हे त्याचे नाव. तेव्हा तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक मिळविल्यानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक पदक आले ते हे, मध्ये बहात्तर वर्षे लोटल्यावर. त्या संध्याकाळी आमच्या विद्यानगरातील मराठी घरांत पेढे वाटले गेले, आणि दुसऱ्याच दिवसापासून मजकडे एक प्रश्न येऊ लागला : “आमच्या मुलालाही शिकवायचे म्हणतो. रायफल घ्यावी की पिस्तूल? आणि कोणत्या कंपनीची?”

मी स्वतः नेमबाज नाही. परंतु नातीला घेऊन विद्यानगराहून गच्चीबावलीच्या रेंजवर, म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, सहा वर्षे खेपा घातल्या आहेत. त्या काळात जे पाहिले, विचारले, आणि जे पैसे मोजून शिकलो, ते स्मरणिकेच्या निमित्ताने येथे मांडतो. माझी चूक दुसऱ्या घरी घडू नये, एवढाच हेतू.

निजामाच्या अमदानीत बंदूक म्हटली की शिकार आठवे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून तो अध्याय मिटला, आणि बंदुकीला सभ्य असे स्थान उरले ते खेळाच्या मैदानावरचे. या खेळाच्या राष्ट्रीय संघटनेचा पाया १९५१ साली घातला गेला, आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर. अहमदाबादेत स्थायिक झालेला हा मराठी माणूस. आजही राष्ट्रीय स्पर्धेपूर्वीची पात्रता स्पर्धा त्यांच्याच नावाने भरते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना याचा थोडा अभिमान वाटला तर तो अनाठायी म्हणता येणार नाही.

आपल्या हैदराबादने तर या खेळाला दोन ठळक नावे दिली. गगन नारंग रायफलचा. २०१२ साली लंडनला दहा मीटर एअर रायफलमध्ये त्याने कांस्यपदक मिळविले. ईशा सिंग पिस्तुलाची. २०१८ साली अवघ्या तेराव्या वर्षी ती राष्ट्रीय विजेती झाली, आणि २०२३ साली हांगझाऊ येथे झालेल्या आशियाई खेळांत पंचवीस मीटर पिस्तुलाच्या सांघिक सुवर्णपदकात तिचा वाटा होता. शहर एकच, पण वाटा दोन. त्या दोन वाटांतील फरक समजला की हत्याराच्या निवडीचे निम्मे काम होते.

हवेची आणि काडतुसाची

प्रथम एक मोठा भेद ध्यानात घ्यावा. काही हत्यारे हवेच्या दाबावर छर्रा फेकतात, काही काडतुसातील दारूच्या स्फोटावर गोळी फेकतात. दहा मीटरचे सर्व खेळ हवेच्या हत्यारांचे असतात. पंचवीस मीटर पिस्तूल आणि पन्नास मीटर रायफल हे पॉइंट टू-टू काडतुसाचे खेळ होत.

हवेच्या स्पर्धा-रायफलीचा छर्रा साडेचार मिलिमीटर व्यासाचा, अर्ध्या ग्रॅमहून किंचित जड, आणि सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने जाणारा असतो. त्याची शक्ती साडेसात ज्यूलच्या आसपास भरते. पॉइंट टू-टूची गोळी अडीच ग्रॅमच्या वर असते आणि तिची शक्ती सुमारे १३५ ज्यूल, म्हणजे जवळजवळ अठरा पट. वर तोंड करून सुटली तर ती दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. एवढे आकडे लक्षात ठेवले म्हणजे पहिले हत्यार हवेचेच का असावे हे वेगळे सांगावे लागत नाही.

हवेच्या हत्यारांतही जाती आहेत. जत्रेत फुगे फोडायला असते ती स्प्रिंगची बंदूक. तिच्यात घोडा दाबताच आतील दट्ट्या जोराने पुढे धावतो, आणि छर्रा नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच सारी बंदूक हिसका खाते. तिच्यावर नेम शिकणे म्हणजे हलत्या पाटावर बसून अक्षर वळविणे. आजची स्पर्धेची हत्यारे निराळी. त्यांच्या नळीखाली एक लहान सिलिंडर असतो व त्यात २०० बारपर्यंत दाबाची हवा भरतात. मोटारीच्या चाकातील हवेच्या सुमारे शंभर पट हा दाब! प्रत्येक वेळी त्यातील मोजकी हवा सुटते, आणि हत्यार जवळजवळ जागचे हलत नाही. मग नेम चुकला तर दोष द्यायला केवळ आपण स्वतःच उरतो.

रायफल : हाडांवर तोललेला खेळ

एअर रायफल उभे राहून मारतात. तिचे वजन साडेपाच किलोच्या आत असावे असा नियम आहे. हे वजन स्नायूंनी पेलायचे नसते. डाव्या हाताचे कोपर कमरेच्या हाडावर टेकवून, पाठ किंचित मागे झुकवून, सारा भार हाडांच्या खांबावरून जमिनीत उतरवायचा असतो. त्यासाठी जाड कापडाचे ताठ जाकीट, विजार, सपाट तळाचे बूट व हातमोजा लागतो. गालाला दस्त्याचा आधार, खांद्याला मागल्या टोकाचा आधार, असे शरीर आणि रायफल एकजीव होतात.

इतका आधार मिळतो म्हणून लक्ष्यही तितकेच कठोर. एअर रायफलच्या लक्ष्यातील दहा गुणांचा ठिपका केवळ अर्धा मिलिमीटर असतो, छर्‍याच्या नवव्या हिश्शाएवढा. पुढे गुणांचेही दशांश पाडतात, आणि उत्कृष्ट नेमाला १०.९ मिळतात. साठ छर्रे, सव्वा तास. नेम धरायला मागे बारीक छिद्र व पुढे कडे असते. छिद्रात कडे, कड्यात काळे वर्तुळ, असे सारे एककेंद्री दिसले की घोडा दाबायचा. त्या घोड्याला जोर जवळजवळ लागतच नाही.

पन्नास मीटरची रायफल हीच विद्या आणखी पुढे नेते. गुडघा टेकून, पालथे पडून व उभे राहून अशा तीन आसनांत वीस-वीस गोळ्या मारायच्या, आणि वाऱ्याशीही हिशेब ठेवायचा. पॅरिसच्या खेळांत स्वप्नील प्राथमिक फेरीत ५९० गुणांनी सातवा होता. अंतिम फेरीत ४५१.४ गुणांनी तिसरा आला. शेवटपर्यंत धीर न सोडणे म्हणजे काय, ते या दोन ओळींत दिसते.

पिस्तूल : एका हाताचा खेळ

पिस्तूल एकाच हाताने, हात लांब करून मारायचे. दुसऱ्या हाताचा आधार नाही, मनगटाला टेकू नाही, ताठ जाकीट नाही. एअर पिस्तुलाचे वजन दीड किलोच्या आत असते. बहुतेक पिस्तुले एक किलोच्या आसपास भरतात. मूठ लाकडाची, हाताच्या ठेवणीप्रमाणे कानशीने घासून बसवून घेता येण्याजोगी. घोड्याला मात्र किमान ५०० ग्रॅम जोर लागलाच पाहिजे, असा नियम. म्हणजे एक किलोची वस्तू अधांतरी धरून तिच्यावर अर्धा किलोचा दाब द्यायचा, आणि ती हलू द्यायची नाही!

म्हणूनच पिस्तुलाचा दहाचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा ठेवला आहे. पण त्यावरून हा खेळ सोपा असे कोणी समजू नये. पिस्तुलाच्या मागच्या खाचेपासून पुढच्या माशीपर्यंतचे अंतर सुमारे ३३ सेंटिमीटर असते. मनगट जरासे वळून माशी खाचेत एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर दहा मीटरवर छर्रा तीस मिलिमीटर बाजूला जाईल, आणि दहाऐवजी सातच गुण पडतील. उलट माशी खाचेत बरोबर मध्यभागी ठेवून सारा हातच पाच मिलिमीटर हलला, तर छर्राही पाच मिलिमीटरच हलेल, आणि गुण दहाच राहतील. म्हणून पिस्तुलाचे शिक्षक प्रथम हेच सांगतात की लक्ष्य धूसर दिसले तरी चालेल, नजर माशीवरून ढळता कामा नये. हात हलणारच, मनगट हलू नये.

पंचवीस मीटरचे पिस्तूल पाच काडतुसांचे, पॉइंट टू-टूचे, आणि त्याच्या घोड्याला किमान एक किलो जोर लागतो. स्त्रियांच्या स्पर्धेत तीस गोळ्या सावकाश व तीस जलद असतात. जलद भागात लक्ष्य तीन सेकंद दिसते आणि सात सेकंद बंद होते. तेवढ्यात हात खालून वर आणून एक गोळी मारायची. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळविले ते याच प्रकारात. त्याच कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली ती पन्नास मीटर रायफलमध्ये. एकाच गावची दोन माणसे, पुन्हा दोन वाटा.

कंपनी कोणती?

आता ज्या प्रश्नासाठी लोक येतात त्याकडे वळू. एअर रायफलमध्ये जर्मनीच्या फाइनवेर्कबाऊ, वॉल्थर व आन्शुट्झ आणि ऑस्ट्रियाची स्टायर ही नावे रेंजवर रोज कानी पडतात. एअर पिस्तुलात स्टायर, स्वित्झर्लंडची मोरिनी, वॉल्थर आणि फाइनवेर्कबाऊ. पंचवीस मीटरला इटलीची पार्डिनी, शिवाय वॉल्थर व मोरिनी. पन्नास मीटर रायफलमध्ये आन्शुट्झचा दबदबा जुना आहे.

यांतील फरक खरे आहेत, पण ते सवयीचे व सोयीचे. स्टायरच्या वरच्या पिस्तुलात धक्का शोषून घेणारी एक आतील योजना आहे. मोरिनीच्या प्रसिद्ध पिस्तुलाचा घोडा विजेच्या खटक्यावर चालतो. तो अगदी स्वच्छ तुटतो, पण त्याच्या बॅटरीची आठवण ठेवावी लागते. काही रायफलींचा दस्ता लाकडी, काहींचा ॲल्युमिनियमचा; धातूच्या दस्त्याचे भाग अधिक बाजूंनी हलविता येतात, तर लाकडी दस्ता स्वस्त आणि नवशिक्याला पुरेसा.

परंतु अचूकपणाचे म्हणाल, तर यांपैकी कोणतीही रायफल शिकंज्यात घट्ट आवळून दहा मीटरवर मारली की छर्रे जवळजवळ एकाच भोकातून जातात. म्हणजे हत्यार दहा गुण देतच असते. ते हरवतात आपल्या हातून. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण रेंजवर वारंवार आठवते. कोणती कंपनी, यापेक्षा दस्ता मुलाच्या गालाला व खांद्याला लागतो का, मूठ त्याच्या पंजात भरते का, वजन त्याला झेपते का, हे तीन प्रश्न फार मोठे आहेत.

माझी चूक

हे मी शहाणपणाने सांगत नाही, ठेच लागल्यावर सांगतो. नात अकरा वर्षांची असताना तिला मी दिवाळीत स्प्रिंगची छर्‍याची बंदूक आणून दिली. परवाना लागत नाही म्हणजे खेळणे, अशी माझी समजूत. गच्चीवर तिने भिंतीला कागद लावून नेम धरला; छर्रा भिंतीवरून उलटला आणि शेजारच्या घराची काच तडकली. खिडकीशी त्यांची सून उभी होती. “अंकलगारू, काच जाऊ द्या, दुसरी बसेल,” एवढेच त्या भल्या गृहस्थांनी म्हटले. त्या रात्री मला झोप आली नाही.

मग तिला क्लबात घातले. तरीही घाई सुटली नाही. महिन्याभरातच एका गृहस्थाकडून मी वापरलेली एअर रायफल विकत घेतली. कंपनी नामांकित, किंमत लाखाच्या वर. त्यासाठी तिच्या आजीच्या नावची ठेव मोडली. रायफल मोठ्या माणसाच्या मापाची होती. पाच किलोंचे ते धूड पेलताना पोरीचे खांदे वाकत. पुढे स्पर्धेच्या तपासणीत कळले की सिलिंडरची दहा वर्षांची मुदत उलटून गेली आहे. विकणाऱ्याने ते सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते.

आणखी एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. ती उजव्या हाताची, पण तिचा प्रमुख डोळा डावा. रायफल उजव्या खांद्याला लावली की नेम उजव्या डोळ्याने धरावा लागे, आणि मेंदू मात्र डाव्या डोळ्याचे ऐके. वर्षभर तिचे गुण वाढले नाहीत. एके दिवशी परतताना गाडीत ती हळूच म्हणाली, “आजोबा, मला हे येतच नाही. रायफल विकून आजीचे पैसे परत करा.” ठेव मोडल्याचे तिला ठाऊक आहे हेही मला तेव्हाच कळले. पैशाचे दुःख विसरता येते. आपण आणलेल्या चुकीच्या वस्तूमुळे पोराला स्वतःची किंमत कमी वाटावी, हे दुःख निराळे.

पुढच्या आठवड्यात तिच्या सरांनी क्लबचे एक जुने पिस्तूल तिच्या हाती दिले. पिस्तुलाला गाल टेकायचा नसल्याने मान थोडी वळवून डाव्या डोळ्याने नेम धरता येतो. दोन महिन्यांत तिचा हात बसला. ती काही ऑलिंपिकला गेली नाही; राज्य स्पर्धेपर्यंत पोहोचली, आज अभियांत्रिकीला आहे, आणि रविवारी अजून रेंजवर जाते. मला ते पुरे आहे.

मग करावे काय?

पहिले सहा महिने काहीच विकत घेऊ नये. क्लबची हत्यारे वापरावीत, आणि रायफल व पिस्तूल दोन्ही मुलाच्या हाती देऊन पाहावीत. ज्याला एका जागी स्थिर उभे राहून बारीकसारीक जुळवाजुळव करण्यात गोडी आहे तो बहुधा रायफलीत रमतो. ज्याला आधाराविना स्वतःच्या हातावर विश्वास टाकता येतो तो पिस्तुलात. लहान चणीच्या मुलांवर पूर्ण वजनाची रायफल लादू नये. वाढत्या पाठीला ते बरे नाही. कुमारांसाठी हलक्या रायफली मिळतात. खर्चाचेही पाहावे. पिस्तूलवाल्याला साधे बूट पुरतात. रायफलवाल्याला जाकीट, विजार, बूट असा सारा पोशाख लागतो, आणि मूल वाढले की तो पुन्हा शिवावा लागतो.

प्रमुख डोळा घरच्या घरी पाहता येतो. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये लहानशी फट ठेवावी, दोन्ही डोळे उघडे ठेवून तीतून भिंतीवरचे घड्याळ पाहावे, आणि मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने घड्याळ फटीतच राहते तो प्रमुख डोळा. ही अर्ध्या मिनिटाची परीक्षा मी केली असती तर एक वर्ष वाचले असते.

वापरलेले हत्यार घ्यायचे तर शिक्षकांना बरोबर न्यावे, सिलिंडरवरील तारीख वाचावी, आणि पावती घ्यावी. शिवाय छर्रा न भरता घोडा दाबण्याचा कोरडा सराव रोज अर्धा तास करावा. त्याला पैसा लागत नाही, आणि मोठमोठे नेमबाजही तो सोडत नाहीत.

कायद्याचे थोडक्यात. शस्त्र कायदा १९५९ चा आणि त्याखालील नियम २०१६ चे. साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या व वीस ज्यूलपर्यंत शक्तीच्या हवेच्या हत्याराला परवाना लागत नाही. स्पर्धेची सर्व एअर रायफल व पिस्तुले यांत बसतात. पॉइंट टू-टूला परवाना हवाच, आणि वयाची एकवीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय तो स्वतःच्या नावे मिळत नाही. तोवर मुलांनी क्लबात, देखरेखीखाली शिकावे. त्या टप्प्यावर आले की क्लबच्या चिटणिसांना व पोलीस आयुक्तांच्या कार्यालयात विचारूनच पुढे जावे.

पण परवाना लागत नाही याचा अर्थ धोका नाही असा नव्हे. हत्यार नेहमी भरलेलेच आहे असे मानावे. नळी माणसाकडे कधी वळवू नये. नेम धरेपर्यंत बोट घोड्याबाहेर ठेवावे. रेंजवर नळीत रंगीत दोरी घालून ठेवतात, म्हणजे नळी रिकामी आहे हे लांबून दिसते. ती सवय घरीही ठेवावी. हत्यार व छर्रे वेगवेगळ्या कुलपांत असावेत. छर्रे शिशाचे असतात. हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय घास तोंडात घालू नये. आणि गच्चीवर कदापि नको.

राहता राहिला मूळ प्रश्न. रायफल की पिस्तूल? त्याचे उत्तर दुकानात नाही. ते मुलाच्या डोळ्यात, खांद्यात आणि स्वभावात आहे. आधी मूल पाहावे, मग हत्यार. आमच्या घरी ती जुनी रायफल कोणी घेतली नाही. माझ्या कपाटात ती कुलूपबंद आहे, सिलिंडर काढलेली, नळीत दोरी घातलेली. दुसऱ्या कोणा मुलासाठी सल्ला विचारायला कोणी आले, की मी प्रथम ती त्यांच्या हाती देतो आणि म्हणतो, “हिचे वजन पाहा.”